दूध कोण पाजायचं?

हे मी अजून कुणालाही बोललेले नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. दर रविवारी चर्चमध्ये सगळ्यांबरोबर उभी राहून मीही म्हणते, की आम्ही पाप केलं आहे — आणि त्या 'आम्ही'त माझं एकटीचं बेमालूम मिसळून जातं. जत्रेत चोर मिसळतो तसं. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही माझ्या ओळखीचे नाही म्हणून, बहुतेक. ओळखीच्या माणसाला सांगितलं की त्याच्या डोळ्यांत काय येतंय ते बघत बसावं लागतं. ती सवय मला फार वाईट लागली आहे — डोळे बघायची. आणि आणखी एक. मी सांगेन ते खरं सांगेन, पण माझ्यावर फार विश्वास ठेवू नका. सगळ्यात वाईट ते मी खरं बोलूनच केलेलं आहे.

सत्तर सालानंतरची गोष्ट. दुष्काळाची वर्षं. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी — नाव घेत नाही — मिशनचा दवाखाना होता आणि मी तिथं नर्स होते. ट्रेनिंग संपून फार दिवस झाले नव्हते. टोपी अजून कडक इस्त्रीची घालायचे.

त्या काळी आमच्या भागात लहान मुलांचा एक आजार होता. लोक म्हणायचे, 'पोराला लिव्हर झालं.' वर्ष-दीड वर्षाचं चांगलं बाळसेदार मूल किरकिरं व्हायचं, खाईना व्हायचं, मग पोट नगाऱ्यासारखं ताणायचं. वरून हात लावला तर आतलं यकृत लाकडासारखं टणक लागायचं. मग डोळे पिवळे. आणि एकदा डोळे पिवळे झाले, की आम्ही आयांच्या नजरेला नजर द्यायचं टाळायचो.

संशय यावा अशी गोष्ट म्हणजे, हा रोग उपाशी घरात फारसा दिसायचा नाही. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायांची मुलं सरकारी वाटपाच्या सुकडीवर जगत होती, हातापायांच्या काड्या झाल्या होत्या — पण लिव्हर त्यांना नाही. ते व्हायचं दारात दुभतं जनावर असलेल्या घरी. लाडाकोडाच्या, दुधावर वाढलेल्या लेकराला. आणि एकाच घरात एकामागून एक. का?

या 'का'साठी पुण्याहून डॉक्टर सबनीस आमच्याकडे आले होते. तरुण, किडकिडीत, बोलताना चष्मा पुसणारे. ते लिव्हरच्या मुलांचा अभ्यास करायचे. बरगड्यांच्या खालून एक लांब सुई घालून यकृताचा सुताएवढा तुकडा काढायचा, बाटलीत घालून तपासायला पुण्याला पाठवायचा. आणि घरोघर जाऊन विचारायचं — मूल काय खातं, काय पितं, घुटी कसली देता, जडीबुटी देता का. हे विचारायचं काम माझ्याकडं. मी इकडचीच, माझी बोली लोकांना कळायची. डॉक्टर म्हणायचे, "सिस्टर, लोक काहीतरी लपवतायत. पोटात काहीतरी जातंय पोरांच्या. शोधा." संशय घ्यायला मला त्यांनी शिकवलं —

नाही. हे असं दुसऱ्यावर ढकलायचं नाही, असं ठरवून बसलेय. ते आजारावर संशय घ्यायचे. माणसांवर घ्यायला मी माझी शिकले.

लोकांचाही आमच्यावर संशय होताच. दवाखानेवाले काळजाचा तुकडा काढतात आणि विमानानं विलायतेला धाडतात, अशी बोलवा होती. आमची जीप दिसली की बाया मुलं उचलून घरात घ्यायच्या.

राहुरीकडच्या एका वस्तीवर असंच एक घर होतं. धरण झालं होतं, पण पाणी अजून त्यांच्या शिवारात आलेलं नव्हतं. तरी दोन म्हशी टिकवून होते. घरात भागूबाई — सासू. बोलणं कमी, बघणं जास्त. तिच्या दोन सुना. थोरली हिरा, तिची पहिली मुलगी आदल्या वर्षी लिव्हरनंच गेलेली, आता तिच्या मागचा दिनू आजारी, आणि हिराला पुन्हा दिवस गेलेले. धाकटी चंद्रकला. तिला मूल नव्हतं. हिरा पोटुशी, त्यात रानातलं काम, त्यामुळं दिनू सदा चंद्रकलेच्या कडेवर. तिच्याच हातचं खायचा, तिच्याच हातचं प्यायचा.

सुई टोचायला घरचे तयार नव्हते. मी दोनदा जाऊन आले. हिराला म्हटलं, पोटातल्या बाळासाठी तरी कळायला नको का हे कशानं होतं? आणि शब्द दिला — मी स्वतः बसेन दिनूजवळ, डोळ्याआड करणार नाही. चंद्रकला तेवढी म्हणाली, "सिस्टर हाईत न्हवं संगं. मंग काय भ्यायचं?"

तिनं ठेवला विश्वास. एकटीनं.

तिच्या शब्दावर दिनूला दवाखान्यात आणलं, आणि सुई सकाळी टोचली. नीट झालं सगळं. नंतरचं काम माझं होतं आणि ते मला चांगलं ठाऊक होतं: मुलाला उजव्या कुशीवर निजवायचं, हलू द्यायचं नाही, आणि थोड्या थोड्या वेळानं नाडी बघत राहायची. आत रक्त सुटलं तर बाहेर काही दिसत नाही. नाडीच सांगते. म्हणून तर माणूस बसवायचा. हिरा थकून झाडाखाली आडवी झाली होती. खाटेशी चंद्रकला आणि मी.

दुपारी टँकर आला.

तुम्ही दुष्काळ पाहिला नसेल तर टँकरचा भोंगा म्हणजे काय, ते सांगून कळायचं नाही. नर्सेसच्या खोल्यांपुढं बादल्यांची रांग लागली. मी चंद्रकलेला म्हटलं, याला हलू देऊ नको, मी आलेच. बादल्या भरल्या. इथवर कुणीही माफ केलं असतं मला — केलं असतं ना? भरून परत गेले असते तर. पण पाणी भरलेलं होतं, दार लावता येत होतं, आणि माझ्या डोक्यात कित्येक दिवसांची धूळ होती. मी शिकेकाई काढली.

न्हात होते मी. दिनूच्या पोटात रक्त सुटलं तेव्हा मी न्हात होते.

आणि तेवढंच असतं, तर मी हे आजपर्यंत कुणाला तरी बोलले असते. चंद्रकला मला बोलवायला आली होती. दाराबाहेरून म्हणाली, "सिस्टर, पोरगं गार लागतंय. वाईच येता का?" मी म्हटलं, आले. ती धावत परत गेली. थोड्या वेळानं पुन्हा आली. "सिस्टर, घाम फुटलाय वो त्येला." आणि मी चिडले. आतून ओरडले, "अगं, सुई टोचल्यावर व्हायचंच. जा, जवळ बस त्याच्या. येते म्हटलं ना!" खेडवळ माणसं, उगाच घाबरतात, असं वाटलं मला. डोक्यातली शिकेकाई निघेपर्यंत पाणी घेतलं. सावकाश. पाणी फुकट जाऊ नये म्हणून सावकाश.

गेले तेव्हा ओठ पांढरे झाले होते. नाडी बोटाला लागेना. डॉक्टर धावत आले, सलाईन लावलं, रक्त मिळतं का म्हणून माणूस नगरला पिटाळला. तो परत यायच्या आधीच दिनू गेला.

डॉक्टरांनी विचारलं, "नाडी कधी बिघडली?" मी म्हटलं, "आत्ताच, सर. तोवर ठीक होती." माझ्या टोपीखालून पाणी मानेवर उतरत होतं. त्यांनी ते पाहिलं का? किती वर्षं मी याचा विचार केलाय. पाहिलं असेल आणि तरी गप्प बसले असतील, तर त्यांच्याही पोटात एक गोष्ट असेल. नसेल पाहिलं, तर सुई आपलीच चुकली असं धरून चालले असतील. नंतर मी त्यांना बोटं ताणून आपल्याच हाताकडं बघत बसलेलं पाहिलं आहे. सांगितलं नाही. काही महिन्यांनी अभ्यास अर्धा सोडून ते पुण्याला परत गेले. जातानाही सांगितलं नाही.

पण चंद्रकलेनं ऐकलं होतं. 'आत्ताच, सर' — हे तिच्यासमोर बोलले मी. दिनूचं डोकं तिच्या मांडीवर होतं. तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

ती का बोलली नाही? कधी बोलणार होती? घरी जाऊन? पंचायतीत? त्या दिवसानंतर मला दुसरा विचार नव्हता. वस्तीवर बोंब झाली की सुईनं पोर मारलं; जीपवर दगड आले. ते परवडलं — सुईवर ओरड होती, माझ्यावर नव्हती. पण उद्या ती म्हणाली, बाई न्हात होती? त्यांच्या गावचा कुणी माणूस दवाखान्याच्या फाटकात दिसला, की मी औषधांच्या खोलीत शिरायचे. दुधाची किटली घेऊन येणारा गवळी माझ्याकडं बघून हसला, तर तो का हसला यावर माझा दिवस जायचा. आणि हळूहळू — हे कसं झालं ते आठवत नाही, पण झालं — मी चंद्रकलेचा रागराग करू लागले. तीच का गप्प होती एवढी? काहीतरी असल्याशिवाय माणूस गप्प राहतं का?

डॉक्टर पुण्याला परत जायच्या आधी त्यांनी मला त्या वस्तीवर पाठवलं. एकाच घरातली दोन मुलं गेलेली, विचारपूस करून या आणि खाण्यापिण्याचं राहिलंय तेवढं विचारा. दगड पडले होते तरी मी गेले. सगळ्यांना वाटलं, किती धीराची बाई.

ओट्यावर बसले. भागूबाई उंबऱ्यात. हिरा भिंतीला टेकून, दिवस भरत आलेले. शेजारच्या दोघी-तिघी बाया. आतून भांडी घासल्याचा आवाज — चंद्रकला. मी इकडचं तिकडचं विचारलं आणि मग म्हटलं, "दोन्ही लेकरांना दूध कोण पाजायचं?"

मला ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं.

"धाकली," भागूबाई म्हणाली.

"दोघांनाही?"

"व्हय."

"दुसऱ्या कुणाच्या हातचं प्यायची नाहीत?"

"न्हाई. का वो बाई?"

मी लगेच बोलले नाही. थांबले. किती थांबायचं ते मला बरोबर कळत होतं. मग म्हटलं, "काही नाही. विचारायचं म्हणून विचारलं. डॉक्टरांना वाटतंय, पोटात काहीतरी जात असावं." आणि उठताना हिराकडं वळून म्हटलं, "बाळ झालं की तुझं तूच सांभाळ गं. दुसऱ्याच्या हाती देऊ नको."

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता.

यातला एक शब्द खोटा दाखवा. डॉक्टरांना तसं वाटतच होतं. प्रश्नही मला दिलेलाच होता. मी फक्त तो कुठं, कुणापुढं आणि कोणत्या आवाजात विचारायचा, ते ठरवलं होतं. जीपमध्ये येता येताच ठरवलं होतं.

महिना झाला नसेल, धाकटीला माहेरी घालवल्याचं कळलं. श्रीगोंद्याकडं कुठंतरी. वांझ बाईनं जावेची पोरं खाल्ली, अशी सगळ्या वस्तीवर चर्चा. पुढं नवऱ्यानं दुसरी केली. आता ती काहीही बोलली असती, तरी कोण ऐकणार होतं? मला त्या दिवशी बरं वाटलं. जेवण गेलं. हे सांगायलाच हवं — मला व्यवस्थित जेवण गेलं.

ती एकदा आली. एकटी, एस.टी.नं. बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर बसून राहिली, सगळे पेशंट संपेपर्यंत. मी दोनदा तिच्या समोरून गेले, न दिसल्यासारखी. शेवटी थांबावंच लागलं. ती भांडायला आली असेल, चारचौघांत ओरडेल, असं धरून मी तयारीत होते.

ती हळू आवाजात म्हणाली, "सिस्टर, म्या तुमचं नाव कुटंच घेतलं न्हाई. तुमी माजं का घेतलं?"

मी म्हटलं, मी कुणाचं नाव घेतलेलं नाही. मी फक्त विचारलं.

"व्हय. इचारलंच निस्तं," ती म्हणाली. "दुस्काळ हुता. म्या बी कवाधरनं न्हाले न्हवते. मला वाटलं, न्हाऊ द्यावं बाईला. म्हून जोरानं हाका न्हाई मारल्या. त्येवढं माजं चुकलं."

त्येवढं माजं चुकलं! मी उभी होते, ती बाकावर बसलेली. मी काय म्हणायला हवं होतं, ते तुम्हाला कळतंय. मलाही तेव्हा कळत होतं.

ती उठताना म्हणाली, "येकडाव घरी येऊन म्हना, हिनं काय केलं न्हाई. तुमचं आयकत्यात त्ये." मी म्हटलं, येईन. ती गेली. आणि ती गेल्यावर मला पहिला विचार काय आला असेल? की ही खरंच कुणाला बोलली नाही, कशावरून?

गेले नाही मी. हिराला मुलगा झाला. तो आईच्याच हातचं दूध पिऊन वाढला — आणि दीड वर्षाचा होता होता त्यालाही लिव्हर झालं. त्याला आमच्याकडं आणलं नाही, संगमनेरला नेलं. तोही राहिला नाही. तेव्हा तरी चंद्रकलेला परत आणतील, असं मला वाटलं. आणलं नाही. जाता जाता करणी करून गेली म्हणाले. आणि मी हे ऐकूनही जीप मागितली नाही.

मग बरीच वर्षं गेली. मी लग्न केलं, मुलं झाली, हुद्दा वाढला. एकदा दवाखान्यात पुण्याहून एक डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं, की मुलांच्या त्या लिव्हरचा धागा सापडत चाललाय. कल्हई उडालेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यात दूध तापवून ठेवलं की त्यात तांबं उतरतं. कोवळ्या यकृताला ते सोसत नाही. भांडी बदलायला सांगा.

दुधातूनच जात होतं तर!

खरं सांगते, मला केवढं हलकं वाटलं. मी खोटं बोलले नव्हते. पोटात जातच होतं काहीतरी, आणि पाजत तीच होती. दोन-तीन दिवस मी अशी वावरत होते, जशी कोर्टातून सुटून आलेय. या सगळ्यात मला स्वतःची सर्वांत किळस कशाची येत असेल, तर या दोन-तीन दिवसांची.

मग ते भांडं आठवलं. त्या घरी चुलीजवळ पाहिलेलं, पितळेचं, आतून पिवळंधम्मक. कल्हईवाला दुष्काळात त्या बाजूला फिरकलाच नव्हता. भांडं भागूबाईचं होतं. चंद्रकलेनं दिलेलं दूध त्यातलं आणि हिरानं दिलेलंही त्यातलंच. आणि दिनू? तो त्या दुपारी दुधानं गेला नव्हता. डॉक्टर म्हणायचे, ही मुलं तशीही फार दिवस काढत नाहीत. या वाक्यावर मी कित्येक वर्षं टेकून बसले. आता नाही टेकत.

आता शेवटचं.

मी मेट्रन झाले त्यानंतरची गोष्ट. मुलांच्या वॉर्डात फेरीला गेले होते. एका खाटेवर जुलाबानं सुकलेली एक लहान मुलगी, सलाईन लावलेलं. शेजारी पिकल्या केसांची बाई. सलाईन थांबल्यासारखं वाटलं म्हणून मी हात पुढं केला, तेवढ्यात ती बाई मध्ये आली. मुलीवर ओणवी झाली आणि माझ्याबरोबरच्या नर्सला म्हणाली, "ह्या बाईस्नी पोरीला हात लावू देऊ नगा. दुसऱ्या कुनाला बी बोलवा."

आवाजावरनं ओळखलं मी. तिनं तर मला फाटकातच ओळखलं असेल.

पोरसवदा नर्सेस माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. सांगायला याहून चांगली वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती. एक वाक्य पुरलं असतं. ती समोर होती, ऐकायला माणसं होती.

मी हसले. म्हटलं, "असू दे गं. खेड्यातली माणसं, संशयी असतात." आणि दुसरीला सलाईन बघायला सांगून पुढच्या खाटेकडं वळले.

चंद्रकलेनं ते ऐकलं. या वेळीही ती काही बोलली नाही.

तिच्या भावाची नात होती ती, हे मला मागाहून कळलं. मुलगी बरी झाली. त्यांना घरी सोडलं त्या दिवशी मी वॉर्डात नव्हते. नसावं, अशी व्यवस्था मीच केली होती.